नावांची भिशी

माझा पहिला शोधनिबंध छापून आला तेव्हा तो वाचायला मला औरंगाबादला जावं लागलं. एक्याऐंशी साली मी जालन्याच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागलो आणि दोनेक वर्षांत हा प्रताप केला. निबंध होता कापसाच्या पानांवर पडणाऱ्या ठिपक्यांवर. माझं गाव परतूरकडचं, त्यामुळे ते ठिपके लहानपणापासून ओळखीचे. ज्या विद्वत्सभेच्या नियतकालिकात तो आला तिची रीत अशी होती: आधी सभासद व्हा, मग लेख पाठवा, लेख पसंत पडला की पानामागे आकार भरा, आणि आपल्याच लेखाच्या सुट्या छापील प्रती आपणच विकत घ्या. घ्यायच्याच, नको म्हणायची सोय नाही. हे सगळं डिमांड ड्राफ्टनं. नवीन जालन्यातल्या बँकेत खिडकीतल्या कारकुनानं मला विचारलं, बियाणं मागवताय का? मी सांगितलं, लेख छापायचाय. त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेत मला आजतागायत काही चूक सापडलेली नाही.

सुट्या प्रती यायला अजून अवकाश होता आणि आमच्या ग्रंथालयात ते नियतकालिक येत नव्हतं. म्हणून विद्यापीठात गेलो. पहिल्या खेपेला अंक बाइंडिंगला गेलेला होता. दुसऱ्या खेपेला अंक होता, पण मी बाहेरचा वाचक, म्हणून अर्ज. शेवटी पंख्याखाली बसून स्वतःचा लेख वाचला. पानाचं छायाचित्र उलटं छापलं होतं, देठ वर आणि टोक खाली. बाकी लेख उत्तम होता.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती शेतकऱ्याची लेक, व्यवहार तिला माझ्याहून लवकर कळतो. तिनं भाकरी थापता थापता विचारलं, “म्हणजे लिहिलं तुम्ही, पैसे भरले तुम्ही, तपासलं दुसऱ्या कॉलेजच्या सरांनी, ते बी फुकटात. अन् वाचायचं म्हटलं तर पुन्हा आपणच इकत घ्यायचं. मंग त्यांनी काय केलं?”

“त्यांनी छापलं,” मी म्हणालो.

“लग्नपत्रिकावाला बी छापतो. तो पत्रिका तरी आपल्याला देतो.”

मी तिला विज्ञानाचा प्रसार वगैरे समजावलं. तिनं भाकरी उलटली. पुढची तीस वर्षं या धंद्याबद्दल मी बरंच वाचलं, चर्चासत्रांना गेलो, एकदा तर त्यावर भाषणही दिलं. पण त्या चुलीपुढच्या प्रश्नाच्या पुढे कोणी गेल्याचं मला दिसलं नाही.

एक्क्याण्णवनंतर रुपया घसरला आणि परदेशी नियतकालिकांच्या किमती विद्यापीठालाही झेपेनात. दरवर्षी थोडी थोडी बंद होत गेली. आमच्या ग्रंथालयात परदेशी असं एकच येत होतं, तेही बंद झालं, आणि त्या कप्प्यात अपेक्षित प्रश्नसंचांची चळत आली. ग्रंथपाल खूश, कारण प्रश्नसंच मुलं निदान चोरून तरी नेत. आम्ही प्राध्यापक दुखवट्यासारखे चेहरे करून चहा प्यालो. खरं सांगायचं तर त्या नियतकालिकाच्या मागच्या काही अंकांची पानंही कुणी फाडलेली नव्हती, म्हणजे जी जोडून येतात ती. मीही नाही.

मग नवं शतक आलं, गल्लोगल्ली इंटरनेट कॅफे निघाले, आणि बातमी आली की आता ज्ञान मुक्त झालं. जगातली नवी नियतकालिकं वाचायला एक पैसा लागत नाही. मला खरंच आनंद झाला. दोन दिवस कॅफेत बसून पोटभर वाचलं. तिसऱ्या दिवशी लेखकांसाठीच्या सूचना उघडल्या तेव्हा कळलं की वाचणाऱ्याला फुकट आहे, खर्चा सगळा लिहिणाऱ्यानं द्यायचा, आणि तो डॉलरमध्ये. एका लेखाचा आकार माझ्या महिन्याच्या पगारात बसत नव्हता. दुकान तेच, गल्ला तोच, गिऱ्हाईक तेवढं बदललं होतं. आधी ते वाचणाऱ्याच्या खिशात हात घालत, आता लिहिणाऱ्याच्या. युरोपातल्या प्राध्यापकाचा खिसा त्याचं सरकार शिवून देतं. आमचा खिसा बायको शिवते आणि आत काय आहे तेही बघते.

याच सुमारास आमच्या पदोन्नतीत छापलेल्या निबंधांची मोजदाद सुरू झाली. किती छापले ते विचारायचे. काय छापलं हे विचारण्याची पद्धत नव्हती. मग काय, पावसाळ्यात अळंबी उगवावी तशी आपल्याकडेही नियतकालिकं उगवली. सगळी मुक्त, सगळी आंतरराष्ट्रीय. असंच एक जालन्यातच, मस्तगडला, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत निघालं. संपादकाचा मेव्हणा मस्कतला नोकरीला होता, तो सल्लागार मंडळावर, आंतरराष्ट्रीयपणा तेवढाच. लेख सोमवारी द्या, पैसे मंगळवारी भरा, बुधवारी तज्ज्ञांनी तपासलेला निबंध जगासमोर हजर. त्या तज्ज्ञांना मी एकदा पाहिलं. ते खाली झेरॉक्स काढत होते.

आणि तरीही, जिच्यासाठी मी हे सगळं सांगतोय ती गोष्ट त्या खोलीत घडली नाही. ती आमच्या स्टाफरूममध्ये घडली.

आमचे वाणिज्यचे एक सर होते. गोड बोलणारे, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारे. त्यांच्या बायकोची भिशी होती: दहा बायका, दरमहा ठरलेली रक्कम, डब्यातून चिठ्ठी, जिची निघेल तिला सगळे पैसे. सरांनी तीच युक्ती शोधनिबंधांना लावली. दहा प्राध्यापक, दरमहा वर्गणी, बिस्किटाच्या रिकाम्या डब्यातून चिठ्ठी. ज्याची चिठ्ठी निघेल त्याचा निबंध भिशीच्या पैशातून छापायचा. नियम एकच: पैसे दहा जणांचे, म्हणून निबंधावर नावंही दहा जणांची. दहा महिन्यांत प्रत्येकाच्या नावावर दहा निबंध. हिशेब इतका सुंदर होता की गणिताचे सरही दाद देते झाले.

नावांच्या क्रमावरून पहिल्याच महिन्यात कुरबुर झाली. तेव्हा वाणिज्यचे सर म्हणाले, भांडायचं काय कारण, मस्टर आहे ना. मस्टर म्हणजे आमचा हजेरीपट. त्यात सेवाज्येष्ठतेनं नावं असतात, तीच निबंधावर. कुणाचा अपमान नाही, कुणाचा मान नाही. जगात दुसरीकडे कुठे शोधनिबंधाचे लेखक हजेरीपट पाहून ठरत असतील असं मला वाटत नाही, पण आम्हाला ते इतकं बराबर वाटलं की कुणी हसलंसुद्धा नाही. या रीतीनं मी ग्रामीण कादंबरीतल्या स्त्रीचा अभ्यासक झालो, सहकारी पतसंस्थांचा झालो, खेळाचे सर नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंचे झाले. मस्टरवर मी सर्वांत जुना, त्यामुळे माझं नाव सगळीकडे पहिलं. मी आतून हसायचो आणि वेतनवाढ घ्यायचो. आतून हसणाऱ्याला पगार काही कमी मिळत नाही.

आता तिच्याबद्दल. ती माझी विद्यार्थिनी. अंबडकडच्या एका खेड्यातली. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, बौद्ध कुटुंब, घरात शिक्षणाला देवासारखं मानणारं, म्हणजे देव मानत नसल्यामुळे सगळा मान शिक्षणालाच. एम.एस्सी. होऊन ती आमच्याच विभागात तासिका तत्त्वावर लागली. तासाला पैसे, तेही वर्षातून एकदा, सुटीचे नाहीत, आजारपणाचे नाहीत. आठ वर्षं ती अशी शिकवत होती. माझे निम्मे तास तीच घ्यायची. मी तिला एकेरी हाक मारायचो, इतर तिला मॅडम म्हणत, आणि मस्टरवर तिचं नाव नव्हतंच; तासिकावाल्यांसाठी वेगळी वही होती.

तिचं काम मोसंबीवर. आमच्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा चिक्कार, आणि चांगलं झाड बघता बघता वाळतं ते मुळाशी राहणाऱ्या एका बुरशीमुळे. ती सुटीच्या दिवशी काळीपिवळी जीपनं अंबड, बदनापूरकडच्या बागांत जायची, खुरप्यानं मुळाजवळची माती काढायची, पिशव्यांवर बागेचं नाव लिहायची. प्रयोगशाळेतलं निर्जंतुक करायचं यंत्र बंद पडलेलं, म्हणून घरचा प्रेशर कुकर आणलेला. बटाटे उकडून त्यावर बुरशी वाढवायची. खेळाचे सर जाता येता विचारायचे, मॅडम, आज भाजी काय? तीही सांगायची, बटाट्याची, या जेवायला. ही बुरशी आमच्याकडच्या उन्हाळ्यात कशी तग धरते आणि कुठल्या बागेत धरत नाही, हे तिनं तीन वर्षं खपून शोधून काढलं. मी तिचा मार्गदर्शक. मार्गदर्शन म्हणजे सह्या.

निबंध तिनं परदेशातल्या एका चांगल्या, खरोखर तपासणाऱ्या, पण मुक्त नियतकालिकाकडे पाठवला. मी म्हटलं, पैसे लागतील, परदेशातल्याच जुन्या पद्धतीच्या, वाचणाऱ्याकडून पैसे घेणाऱ्याकडे पाठव, तिथं लिहिणाऱ्याला काही पडत नाही.

“तिथं छापलं तर मलाच वाचायला भेटणार न्हाई सर,” ती म्हणाली. “या कामासाठी जेवढे लेख पाह्यजे होते त्यातले निम्मे मला उघडताच आले न्हाईत. नुसतं नाव दिसायचं, खाली किंमत. माझं तसं नको. अंबडला कुणाचा पोरगा कॅफेत बसला तर त्याला दिसलं पाह्यजे.”

दोनदा दुरुस्त्या होऊन निबंध स्वीकारला गेला. ज्या दिवशी पत्र आलं त्या दिवशी ती पेढे घेऊन आली. आणि वेळ कशी, तर आमच्या विभागात एक कायमची जागा नुकतीच जाहीर झालेली. मुलाखतीला अवकाश होता दीड-दोन महिन्यांचा. परदेशात स्वतःच्या नावावर असा निबंध असणारा दुसरा उमेदवार जिल्ह्यात मिळाला नसता. आठ वर्षांची वणवण त्या एका कागदावर संपणार होती, हे तिला कळत होतं, मलाही कळत होतं.

पत्रात आकार मागितला होता. पण त्याखाली असंही लिहिलं होतं की ज्यांच्याकडे निधी नाही त्यांनी तसं कळवावं, विभागप्रमुखाची किंवा संस्थाप्रमुखाची सही असलेलं साधं पत्र पुरेल, आकार माफ होईल. विभागप्रमुख मी होतो. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितो आहे. विभागप्रमुख मी होतो, पेन माझ्या खिशात होतं.

मी तिला घेऊन प्राचार्यांकडे गेलो. कशाला गेलो? सवय. आमच्याकडे शिंक आली तरी वरिष्ठांना कळवून शिंकतात. त्या दिवसांत कॉलेजची तपासणी करायला बाहेरची कमिटी येणार होती. फाटकाला संगमरवराची कमान चढवणं चाललं होतं, कुंड्या भाड्यानं आणल्या होत्या. प्राचार्यांनी पत्र दोनदा वाचलं.

“म्हणजे आपण यांना लेखी देऊन राह्यलो का, की संस्थेकडं पैसा न्हाई म्हणून?”

“तेवढंच हवंय त्यांना,” मी म्हणालो.

“मंग संस्थेनं द्यावा की आकार,” ती हळूच म्हणाली.

“संस्थेकडं पैसा कुठून असणार मॅडम,” प्राचार्य म्हणाले. “कमान पाह्यली का? बिलकुल खडखडाट हाय सध्या. पण ते आपल्या घरातलं. परदेशात पत्र जायचं, उद्या कमिटीच्या हातात पडायचं. संस्थेची इभ्रत हाय का न्हाई?”

बडा घर पोकळ वासा म्हणतात, तो वासा मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला. टाय लावून बसला होता. पण प्राचार्यांवर सगळं ढकलून मी मोकळा होणार नाही. बाहेर व्हरांड्यात ती मला म्हणाली, “सर, तुमची सही बी चालते. दोन ओळी हायेत.” आणि मी म्हणालो, “हात पसरलेलं बरं दिसत नाही गं. गोरे लोक म्हणतील, इंडियातले कॉलेजवाले भीक मागतात.” हे मी म्हणालो. आयुष्यभर सभासद वर्गण्या, ड्राफ्ट, सुट्या प्रती यांच्यापायी लुटला गेलो तेव्हा मला लाज वाटली नव्हती. कुणीतरी सरळ माफी देऊ केली तेव्हा वाटली.

“भिशीत घे ना,” मी तिला सुचवलं. मीच.

वाणिज्यच्या सरांनी मन मोठं केलं. चिठ्ठी न काढता या महिन्याचे पैसे मॅडमला, आणि कमी पडतील तेवढे पुढच्या महिन्याचेही, असं त्यांनी जाहीर केलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्यांनी मस्टर मागवला.

ती म्हणाली, “सर, तुमची सगळ्यांची नावं टाका, माझं काही म्हणणं न्हाई. फक्त माझं पहिलं राहू द्या.”

“मॅडम, नियम सगळ्यांना एकच,” वाणिज्यचे सर म्हणाले. अगदी प्रेमानं म्हणाले. “माझी चिठ्ठी निघाल्ती तवा माझं नाव सहावं गेलं. मी काही बोललो का? अन् तुमचं तर मस्टरवर बी न्हाई. तरी आपण अकरावं घेऊन राह्यलो.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “विषय तुझा आहे, हे काय कुणापासून लपून आहे का?”

तिनं अकरा नावांच्या यादीखाली सही केली. पैसे नसलेल्या माणसाच्या सहीला संमती म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे.

आम्हाला वाटलं, संपलं. पण हे काही मस्तगडचं दुकान नव्हतं. त्या परदेशी नियतकालिकाचं पत्र आलं: स्वीकारलेल्या निबंधावर अचानक दहा नावं कशी वाढली? प्रत्येकानं नेमकं काय काम केलं ते विभागप्रमुखानं कळवावं. ते निबंधाच्या शेवटी छापलं जाईल. आता विभागप्रमुखाची सही लागली, आणि आता मी ती दिली. एक दुपार बसून मी दहा जणांना कामं वाटली. खेळाचे सर बागांत फिरून माती गोळा करणारे झाले. वाणिज्यचे सर आकडेमोड करणारे. मराठीच्या मॅडम मसुदा लिहिणाऱ्या, इंग्रजी मसुदा. संकल्पना आणि दिग्दर्शन माझं. असं सगळं वाटून झाल्यावर तिच्यासाठी काही उरेना. मी लिहिलं, प्रयोगशाळेत साहाय्य. खोटं नव्हतं ते, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. बटाटे तिनंच उकडले होते.

निबंध छापून आला. कमिटीही येऊन गेली. कमिटीला तो निबंध रंगीत छपाई करून दाखवला, अकरा जणांचं सांघिक संशोधन म्हणून. शाबासकी मिळाली. भाड्याच्या कुंड्या परत गेल्या.

मुलाखतीला विभागप्रमुख म्हणून मी समितीत बसलो होतो. बाहेरून आलेले विषयतज्ज्ञ सज्जन होते, अभ्यासू होते, आणि अशा वेळी सज्जन माणूसच घात करतो, कारण तो कागद वाचतो. त्यांनी निबंध शेवटच्या पानापर्यंत वाचलेला होता.

“यात तुमचं काम साहाय्यकाचं दिसतं,” ते तिला म्हणाले.

“न्हाई सर. सगळं काम मीच केलंय.”

“इथे तसं लिहिलेलं नाही. इथे नाव अकरावं आहे.” मग ते माझ्याकडे वळले. “सर, पहिले लेखक आपण. बाई नेमकं काय करत होत्या?”

खोलीत प्राचार्य होते, संस्थेचे चिटणीस होते, आणि ती होती. खरं सांगायचं तर मला कबूल करावं लागलं असतं की परदेशी पाठवलेल्या त्या यादीत मी खोटं लिहिलं. निवृत्तीला चार वर्षं उरली होती. मी म्हणालो, “हुशार आहे. पुष्कळ मदत केली तिनं.”

तिनं मान खाली घातली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मी पाण्याचा ग्लास उचलला. जागेवर चिटणिसांच्या नात्यातला एक मुलगा घेतला गेला. त्याचे आठ निबंध होते, सगळे मस्तगडचे, पण प्रत्येकात नाव पहिलं होतं.

जून उजाडला तेव्हा ती तासिकेला आली नाही. नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीच्या तपासणी विभागात लागली असं कळलं. उगवणशक्ती मोजायचं काम, महिन्याच्या महिन्याला पगार. मला बरं वाटलं, म्हणजे सुटल्यासारखं वाटलं. त्याच वर्षी दुसऱ्या तालुक्यातल्या एका कॉलेजच्या तरुण सरांनी त्याच नियतकालिकात निबंध छापला. मी विचारलं, आकार कसा भरला? ते म्हणाले, “भरला न्हाई सर, दोन ओळी लिहिल्या, दुसऱ्या दिवशी माफ. जगभरचे लोक मागून राह्यले, आपल्याला काय लाज?”

काम मुक्त असल्याचा गुण असा की ते खरंच कुठेही पोचतं. एक दिवस ब्राझीलहून ईमेल आला. तिकडेही संत्र्या-मोसंबीच्या बागा आहेत आणि त्यांनाही हीच बुरशी छळते. एका संशोधिकेनं फार आदरानं मला, पहिल्या लेखकाला, विचारलं होतं: तुमच्या निबंधात बुरशीचे नमुने शीतयंत्राशिवाय सलग तीन उन्हाळे जिवंत राखल्याचं म्हटलं आहे. आमच्या खेड्यातल्या केंद्रांतही वीज नसते. आपण हे नेमकं कसं केलंत?

मला माहीत नव्हतं. मी निबंध उघडून पाहिला, त्यात एका ओळीपलीकडे काही नव्हतं. ती ओळही मी पहिल्यांदाच वाचत होतो. चार दिवस उत्तर टाळलं. पाचव्या दिवशी तिला फोन लावला.

तिनं आवाज ओळखला. बायकोची तब्येत विचारली. मी प्रश्न सांगितला, आणि तिनं कसलेही आढेवेढे न घेता सांगायला सुरुवात केली. कुठल्या मापाच्या बाटल्या, वर निर्जंतुक पाण्याचा किती थर, बूच कसं बांधायचं. मी लिहून घेत होतो. विद्यार्थी घेतो तसं.

“अन् उन्हाळ्यात त्या माठाला टेकवून ठेवायच्या, वरून ओलं पोतं,” ती म्हणाली. “पोतं दिवसातून तीनदा भिजवायचं. फ्रीज होता आपला, पण तो प्राचार्यांच्या केबिनमध्ये नेला ना पाव्हण्यांच्या थंड पाण्यासाठी.”

“माठ कुठे ठेवत होतीस तू? मला तर कधी दिसला नाही.”

“तुमच्या टेबलाखाली सर. सगळ्यात गार जागा तीच होती. तुम्ही दुपारून बसतच नव्हते.”

त्या टेबलाखाली उन्हाळ्यात फरशी ओली असायची. माझ्या चपला भिजायच्या म्हणून मी शिपायाला दोनदा सगळ्यांसमोर झापलं होतं, हे मला फोन कानाला असतानाच आठवलं. त्यानं कधी तिचं नाव सांगितलं नाही.

मी म्हणालो, “त्यांना तुझा पत्ता कळवतो. तुझं काम आहे, तूच लिही त्यांना.”

“नको सर,” ती म्हणाली. “त्या बाई निबंध उघडून बघतील अन् विचारतील, साहाय्यक कशाला उत्तर देऊन राह्यली. तुम्हीच लिहा. जल्दी लिहा, त्यांच्याकडं उन्हाळा लागत असंल.”

मी त्याच दुपारी उत्तर लिहिलं. सगळं तिनं सांगितलं तसं, मापांसकट. पहिलं वाक्य कसं सुरू करावं यावर बराच वेळ गेला. शेवटी लिहिलं, “आम्ही ते नमुने मातीच्या माठाला टेकवून ठेवत असू.”